गणित शंका-समाधान : उत्तर पुस्तकाशी जुळत नाही

प्रश्न : खालील समीकरणे सोडवून मला (२, १, ०) + क(−१, १, १) असे उत्तर मिळाले (क, ख म्हणजे कोणतीही संख्या). पुस्तकात मात्र (४, −१, −२) + ख(२, −२, −२) दिले आहे. माझे कुठे चुकले?

क्ष + २य − झ = ४
२क्ष − य + ३झ = ३
३क्ष + य + २झ = ७

उत्तर : कुठेच चुकले नाही. पहिल्या दोन समीकरणांची बेरीज म्हणजेच तिसरे समीकरण. म्हणून चल तीन असले तरी अटी खरे तर दोनच आहेत. प्रत्येक समीकरण म्हणजे अवकाशातले एक प्रतल; इथली दोन प्रतले एका रेषेत छेदतात आणि त्या रेषेवरचा प्रत्येक बिंदू ही एक उकल असते. रेषा लिहिताना सुरुवात तिच्यावरच्या कोणत्याही बिंदूपासून करता येते, आणि दिशा सदिशाला (म्हणजे क किंवा ख ने गुणलेल्या कंसाला) शून्य सोडून कोणत्याही संख्येने गुणले तरी रेषा तीच राहते.

दोन उत्तरे एकच आहेत का, हे दोन पायऱ्यांत तपासा. (२, −२, −२) ही (−१, १, १) ची −२ पट आहे, म्हणजे दिशा जुळली. आता बिंदूंची वजाबाकी करा : (४, −१, −२) − (२, १, ०) = (२, −२, −२). हीसुद्धा त्याच दिशेची पट आहे, म्हणून रेषा एकच. ही दुसरी पायरी बरेच जण गाळतात. नुसती दिशा जुळली तर रेषा समांतर, पण वेगळ्याही असू शकतात.

पुस्तक हाताशी नसेल तर बिंदू समीकरणांत घाला; उजवीकडे ४, ३, ७ यायला हवेत. दिशा सदिश घातल्यावर मात्र तिन्ही ठिकाणी शून्यच आले पाहिजे.

उकल काढताना झ = क घ्या. दुसऱ्या समीकरणातून पहिल्याची दुप्पट वजा केली की −५य + ५झ = −५, म्हणून य = १ + क आणि क्ष = २ − क. इथे झ = ० + १·क असे पूर्ण लिहाच. ते न लिहिल्यामुळे दिशा (−१, १, ०) अशी लिहिली जाते आणि पुढचे सगळे बिघडते.

दिशेचा ताळा सदिश गुणाकाराने करता येतो. पहिल्या दोन समीकरणांतले सहगुणक (१, २, −१) आणि (२, −१, ३) यांचा सदिश गुणाकार (५, −५, −५) आहे. मधल्या घटकाचे चिन्ह बदलायचे राहिले तर (५, ५, −५) येते. पहिल्या समीकरणात घातल्यावर शून्याऐवजी २० मिळतात आणि चूक लगेच उघडी पडते.

प्रश्न : क्रेमरच्या पद्धतीत सगळे निश्चयक शून्य आले, तर उकली अनंत असे लिहू का?

उत्तर : तीन चलांसाठी नको. क्ष + य + झ ची किंमत एका समीकरणात १, दुसऱ्यात २, तिसऱ्यात ३ दिली, तर चारही निश्चयक (सहगुणकांचा एक आणि प्रत्येक चलाचा एकेक) शून्य येतात, पण उकल एकही नाही. अशा वेळी क्रेमर बाजूला ठेवून चलांचा लोप करत जा. शेवटी ० = ० उरले आणि विसंगती कुठेच आली नाही, तरच उकली अनंत.

प्रश्न : फक्त पूर्णांक उकली हव्या असतील तर?

उत्तर : तर सदिशाची निवड महत्त्वाची ठरते. वरच्या उदाहरणात तुमच्या रूपात क पूर्णांक घेतला की सगळ्या पूर्णांक उकली मिळतात. पुस्तकातल्या रूपात ख पूर्णांक घेतला तर झ नेहमी सम येतो आणि (१, २, १) सारखी उकल निसटते. तेव्हा आधी दिशा सदिशातला सामाईक अवयव काढून टाका आणि सुरुवातीचा बिंदूही पूर्णांकांचाच घ्या.