बुरशीच्या एन्झाइमवर पोट भरतं का?

कराडहून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी टी.वाय.बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजीला आहे. बुरशी लाकूड कुजवते तेव्हा एन्झाइममधलं नेमकं कुठलं अमिनो आम्ल ते काम करतं, यावरच संशोधन करायचं म्हणते. वडील विचारतात, 'यात नोकरी आहे, की बी.एड.ला घालू?'

नमस्कार. आधी तिचा प्रश्न, कारण तो खरंच चांगला आहे. लाकडाला कडकपणा देणारं लिग्निन इतकं अवाढव्य, की एन्झाइमच्या पोटातल्या हीमपर्यंत, म्हणजे प्रत्यक्ष काम करणाऱ्या लोहयुक्त भागापर्यंत, ते शिरूच शकत नाही. मग फॅनेरोकीट क्रायसोस्पोरियम या बुरशीचं लिग्निन पेरॉक्सिडेज हे एन्झाइम ते फोडतं कसं? १९९८ मध्ये संशोधकांनी पृष्ठभागाजवळचं, साखळीतल्या १७१व्या जागेवरचं ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल काढून तिथे दुसरी अमिनो आम्लं बसवली. व्हेराट्रिल अल्कोहोल या लिग्निनच्या तुकड्यासारख्या छोट्या रेणूवरचं काम ठप्प झालं, एबीटीएस या दुसऱ्या चाचणी-रसायनावरचं मात्र चालू राहिलं. म्हणजे एन्झाइम मोडलं नव्हतं, फक्त तो एक दरवाजा बंद झाला होता. इलेक्ट्रॉन बाहेरच काढून घ्यायचा आणि आत हीमकडे पोचवायचा, हे त्या ट्रिप्टोफॅनचं काम.

आता नोकरीचं. नुसत्या लिग्निनवर नोकऱ्या मोजक्याच. पण एक अमिनो आम्ल बदलून काय बिघडलं ते मोजणं, हे कसब डिटर्जंटच्या एन्झाइमपासून औषधांपर्यंत लागतं. डेनिमचा रंग उतरवायला वापरतात ते लॅकेज एन्झाइमही बुरशीचंच. वाट मात्र लांब आहे: गॅट-बी किंवा जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन एम.एस्सी., मग नेट परीक्षा. त्यातून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर महिना ३७,००० रुपये. पीएच.डी. संपेपर्यंत मुलगी तिशीला टेकते, हे घरात आधीच बोलून घ्या.

त्याआधी सुट्टीत तिला एक काम द्या, खर्च शून्य. युनिप्रॉट या प्रथिनांच्या मोफत ऑनलाइन माहितीसाठ्यावरून लिग्निन पेरॉक्सिडेजचा आणि प्लुरोटस या दुसऱ्या बुरशीच्या व्हर्सटाइल पेरॉक्सिडेजचा अमिनो आम्लांचा क्रम उतरवून एकाखाली एक लावायचा. दुसऱ्यात तेच ट्रिप्टोफॅन १६४व्या जागी आहे. युनिप्रॉटवर हे आकडे जुळणार नाहीत, कारण तिथे सुरुवातीचा, पुढे कापला जाणारा तुकडाही मोजलेला असतो. इथे बहुतेक मुलं वैतागून सोडून देतात. ती चिकटून बसली, तर पुण्यात आघारकर संस्थेत बुरश्यांचा राष्ट्रीय संग्रह आहे. तिथे उन्हाळी प्रकल्पाची चौकशी तिनेच ईमेलने करावी, तुम्ही फोन करू नका.

बी.एड.चा अर्ज भरून ठेवायला हरकत नाही. तिला विचारून.