लॅब्रॅडॉर रात्रभर पुढचे पंजे चाटत बसतो, काय करावं?

तुमचा चार वर्षांचा लॅब्रॅडॉर पावसाळा लागल्यापासून रात्री पुढचे दोन्ही पंजे चाटतो, ओरडलं की थांबतो, पाठ वळली की पुन्हा सुरू, आणि हळद लावूनही फरक नाही, असं तुम्ही लिहिलंय. मी नाशिकलाच, गंगापूर रोडच्या बाजूला राहतो. घरात दोन कुत्री आहेत, त्यातल्या एकीला दर पावसाळ्यात हाच त्रास.

आधी ओरडणं बंद करा. दटावल्यावर थांबतो म्हणजे ती खोड आहे, असं नाही. खाज तिथेच असते, तो फक्त तुमच्यादेखत चाटत नाही. हळदही नको. ती पोटात जाते, शिवाय पिवळ्या रंगात कातडीची लाली दिसेनाशी होते, आणि डॉक्टरांना तीच बघायची असते.

आता बॅटरी घेऊन बोटांच्या बेचक्या उघडून बघा. कातडी लाल, ओशट, वास आंबूस असेल तर बहुधा यीस्ट, म्हणजे कातडीवर वाढणारी एक बुरशी. केस तांबूस झाले असतील तर तो लाळेतल्या पॉर्फिरिन या रंगद्रव्याचा डाग, म्हणजे चाटणं बरेच दिवस चालू आहे. यीस्ट सहसा मागाहून येतं, मुळात ॲलर्जी असते: गवत, परागकण, धूळ, कधी खाणं. दोन्ही पंजे सारखेच चाटतो म्हणून मलाही ॲलर्जीच वाटते. एकच पंजा असता तर मी आधी काटा, कुसळ, गोचीड, तुटलेलं नख शोधलं असतं. पावसाळा सरता सरता पांडवलेणीच्या बाजूला फिरवून आणलं की कुसळं हमखास निघतात. वय झालेलं कुत्रं एकच सांधा चाटत असेल, तर तिथे दुखत असू शकतं.

पंजे सोडून फरशी, भिंत, सोफा चाटत असेल तर पोटाकडे बघा. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या माँट्रियलच्या एका अभ्यासात अशा 19 कुत्र्यांपैकी 14 जणांना पचनसंस्थेचा काही ना काही आजार निघाला होता. कंटाळा, एकटेपणा ही कारणंही खरी आहेत, पण शरीराचं सगळं तपासून झाल्यावर. आपल्याकडे उलटं होतं, ‘बोअर झालाय’ म्हणून महिनोन्‌महिने जातात आणि मनगटाच्या वर केस जाऊन जाड, टणक चट्टा तयार होतो. तो बरा व्हायला फार वेळ लागतो.

घरी एवढं करा: फिरून आला की पंजे साध्या पाण्याने धुवा आणि बेचक्यांसकट कोरडे करा. कोरडं करणं जास्त महत्त्वाचं. क्लोरहेक्सिडिनचा (जंतुनाशक) शाम्पू व्हेटला, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरांना, विचारून. फेस दहा मिनिटं राहू द्यायचा, तेवढा वेळ त्याला गप्पांत गुंतवा. पिसवा-गोचिडांचं औषध चुकवू नका. डेटॉल, टी ट्री ऑइल, आपली खाजेची मलमं अजिबात नको.

व्हेटने खाण्याची ॲलर्जी तपासायला सांगितलं तर किमान आठ आठवडे ठरवून दिलेलंच अन्न द्यायचं. कुत्र्यांना चिकन, बीफ, दूधदुभतं यांची ॲलर्जी जास्त आढळते, आणि आपल्याकडे चिकन-भात नि दही-पोळी हाच रोजचा बेत. खरी अडचण घरातल्या मंडळींची. आजोबांनी चहाबरोबर एक बिस्किट सरकवलं की त्या आठ आठवड्यांना अर्थ उरत नाही. आमच्याकडे डब्यालाच कुलूप लावलं होतं.

जखम, पू, सूज किंवा लंगडणं दिसलं तर मात्र घरगुती काही न करता त्याच दिवशी दाखवा. तोवर चाटता येऊ नये म्हणून गळ्यात प्लास्टिकचा कोन घाला.

त्याला गुंतवून ठेवायला गाजर, काकडी द्या. द्राक्षं आणि बेदाणे मात्र नको, त्यांनी कुत्र्यांची किडनी निकामी होऊ शकते. हंगामात आपल्याकडे घरोघरी क्रेट येतात, तेव्हा ते उंचावर ठेवा.