दृढीकरण घ्यायचं की नाही: मनूला पत्र

प्रिय मनू,

परवा गाडीत तू विचारलंस, "आजी प्रत्येक फोनला विचारते, उपासनेला गेलीस का. तू कधीच विचारत नाहीस. आपल्या मराठी ख्रिस्ती लोकांत श्रद्धा मुलांनी स्वतः ठरवायची असते, की घरात आहे म्हणून पाळायची? आणि मी दृढीकरण घेणार नाही म्हटलं तर?" दृढीकरण, म्हणजे मोठेपणी चर्चमध्ये आपला विश्वास स्वतःच्या तोंडाने कबूल करण्याचा विधी, तो घ्यायचा की नाही यावर मी नुसतं "बघू" म्हणाले. या विषयावर आपल्या दोघींचे आवाज फार लवकर चढतात, म्हणून लिहितेय.

आजी जी भजनं म्हणते त्यातली बरीचशी नारायण वामन टिळकांची. ते हिंदू ब्राह्मण घरातले; त्यांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि घरावर आकाश कोसळलं. त्यांची बायको लक्ष्मीबाई लहानग्या मुलाला, दत्तूला, घेऊन नातेवाइकांकडे राहिल्या. पुढे नवऱ्याकडे परतल्या त्याही आपलं सोवळंओवळं सोबत घेऊनच. टिळक स्वभावाने तापट, घरात त्यांच्यापुढे कुणाचं फारसं चालत नसे. पण धर्माच्या बाबतीत त्यांनी बायकोवर सक्ती केली नाही. जातपात, विटाळ यांवर लक्ष्मीबाईंनी आपल्या मनाशीच विचार केला, आणि पटलं तेव्हा, १९०० मध्ये, स्वतः बाप्तिस्मा घेतला. टिळक १९१९ मध्ये गेले. त्यांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य लक्ष्मीबाईंनीच पुरं केलं. ओढून आणलेल्या माणसाच्या हातून हे झालं नसतं, असं आपलं माझं मत.

आता तुझा प्रश्न. खरं सांगायचं तर आपल्या घरांत दोन्ही चालतं. संडे स्कूल, रात्रीची कौटुंबिक प्रार्थना, पाठ केलेली वचनं, हे मुलांना विचारून कुणी करत नाही. मीही केलं नाही. पण दृढीकरणाच्या वेळी मंडळीसमोर उभं राहून "मी विश्वास ठेवते" हे ज्याचं त्याने म्हणायचं असतं. तिथे आईने मागून कुजबुजून उपयोग नाही.

मग मी रागावेन का? वाईट वाटेल, ते लपवणार नाही. रागावणार नाही. बायबलमध्ये प्रेषित पौल एकीकडे मुलांना आईबापांच्या आज्ञेत राहायला सांगतो आणि लगेच बापांना बजावतो, मुलांना चिरडीस आणू नका. पहिलं वचन आपल्याकडे सगळ्यांना तोंडपाठ असतं. दुसरं फारसं कुणी भिंतीवर लावत नाही!

मोनिकाचं नाव तू संडे स्कूलमध्ये ऐकलं असशील, जुन्या काळचा मोठा ख्रिस्ती विचारवंत संत ऑगस्टिन, त्याची आई. तरुणपणी तो भलत्याच पंथाला लागला होता. तिचे अश्रू सगळे सांगतात. मला त्यातला बिशप आवडतो. "माझ्या मुलाला समजवा" म्हणून ती त्याच्या मागे लागली तेव्हा त्याने नकार दिला. म्हणाला, सध्या त्याला असू दे, त्याच्यासाठी प्रार्थना कर, वाचता वाचता त्याचं त्यालाच कळेल. तरी ती रडून हटून बसली, तेव्हा वैतागून म्हणाला, जा, इतक्या अश्रूंचा मुलगा वाया जायचा नाही. ऑगस्टिनचा बाप्तिस्मा त्यानंतर कितीतरी वर्षांनी, ३८७ मध्ये मिलानला झाला. मधल्या काळात मुलाच्या मागोमाग समुद्र ओलांडून मोनिकाही तिथे पोचली होती. तू उद्या कॉलेजला गेलीस तर मी तसं करणार नाही, निश्चिंत राहा.

धीर धरणं म्हणजे गप्प बसणं, असं मात्र समजू नकोस. रात्रीच्या प्रार्थनेला तू आमच्यासोबत बसायचंस, हा घराचा नियम आहे आणि राहील. तुझे डोळे मिटलेत का, हे मी बघणार नाही. तुला इंग्रजीत प्रार्थना करावीशी वाटली तर इंग्रजीत कर, आजीलाही चालेल. जगात एवढी युद्धं असताना देव करतो काय, हा तुझा प्रश्न मला सुटलेला नाही. पण तो विचारणं पाप नाही. बायबलमधलं तेरावं स्तोत्र "किती वेळ?" या तक्रारीनेच सुरू होतं आणि त्यातलाच ईयोब तर देवाशी अध्यायच्या अध्याय भांडतो.

दृढीकरणाच्या तयारीच्या वर्गाला जायचं की नाही ते तू ठरव. जाऊन बघून मग नाही म्हटलंस तरी चालेल. फक्त पाळकसाहेबांना तू स्वतः सांग, माझ्याकरवी निरोप नको. आणि या रविवारच्या आत सांग, त्यांना मुलांची यादी करायची आहे.

तुझी,
आई