निवृत्तीनंतर १ कोटी ४० लाख रुपये कुठे ठेवावेत? सगळं एफडीत टाकलं तर चालेल का?

तुम्ही दिलेली माहिती अशी: वय ६०, पत्नी ५७, नाशिकला स्वतःचं घर, कर्ज नाही. पीएफ, ग्रॅच्युइटी आणि आधीची बचत मिळून १ कोटी ४० लाख. ईपीएसचं (पीएफसोबतच्या पेन्शन योजनेचं) पेन्शन महिना ३ हजार, घरखर्च ५३ हजार. शेअर बाजाराची धास्ती, त्यामुळे सगळी रक्कम दोन बँकांत मुदत ठेवीत टाकायचा विचार; त्यातली एक सहकारी बँक पाऊण टक्का जास्त देतेय.

चालेल, पण किती वर्षं चालेल ते आधी बघू. पेन्शन वजा जाता तुम्हाला वर्षाला ६ लाख लागतात. महागाई ६ टक्के धरा, एफडी ७ टक्के धरा आणि दरवर्षी खर्च महागाईच्या मानाने वाढवत न्या. पैसे साधारण २६ वर्षं पुरतात. तेव्हा तुम्ही ८६ चे असाल आणि पत्नी ८३ च्या. हाच परतावा सरासरी ८ टक्के पडला तर ३० वर्षं, साडेआठ पडला तर ३३. आणि व्याज व महागाई दोन्ही ७ टक्के निघाले, तर २३ वर्षांत तळ दिसतो. एक्सेलमध्ये स्वतः करून पाहा: वर्षाच्या सुरुवातीला खर्च वजा करायचा, उरलेल्यावर व्याज धरायचं, पुढच्या ओळीत खर्च ६ टक्क्यांनी वाढवायचा. दहा मिनिटांचं काम आहे, आणि कुठल्याही एजंटाच्या माहितीपत्रकापेक्षा त्यातून जास्त कळतं.

म्हणजे मुद्दल बुडणं ही एकच जोखीम नाही. खर्च वाढत जाणं ही दुसरी, आणि पावती नूतनीकरणाला आली की व्याज पडलेलं असणं ही तिसरी. २०१४ च्या आसपास मोठ्या बँका पाच वर्षांच्या ठेवीला साडेआठ टक्क्यांच्या घरात व्याज देत होत्या. २०२०-२१ मध्ये तेच सर्वसामान्य ठेवीदारासाठी साडेपाचच्या खाली आलं. ज्यांच्या सगळ्या पावत्या त्याच वर्षी सुटल्या, त्यांचं उत्पन्न एका फटक्यात तिसऱ्या हिश्श्याने घटलं.

त्यामुळे पैसे कुठे ठेवायचे हे व्याजदर बघून ठरवण्याऐवजी ते कधी लागणार यावरून ठरवा. तुमच्या आकड्यांवर मी वाटणी अशी करेन: ज्येष्ठ नागरिक बचत योजना ३० लाख, पोस्टाची मासिक प्राप्ती योजना १५ लाख, रिझर्व्ह बँकेचे फ्लोटिंग रेट बाँड २० लाख, एफडी ३५ लाख, हाताशी ८ लाख, इंडेक्स फंड (निफ्टीसारख्या निर्देशांकातले शेअर त्याच प्रमाणात घेणारा म्युच्युअल फंड) २८ लाख, सोनं ४ लाख.

ज्येष्ठ नागरिक योजनेत माणशी कमाल ३० लाख चालतात. व्याजदर सरकार दर तिमाहीला जाहीर करतं. एप्रिल २०२३ पासून तो ८.२ टक्के आहे, तरी अर्ज करायच्या दिवशीचा बघून घ्या. एकदा खातं उघडलं की तो दर पाच वर्षं तोच राहतो. ८.२ ने ३० लाखांवर दर तिमाहीला ६१,५०० रुपये येतात. खातं उघडतानाच व्याज आपोआप बचत खात्यात जमा व्हायची सूचना लिहून द्या, कारण न उचललेल्या व्याजावर व्याज मिळत नाही. अनेकांचे पैसे तसेच पडून असतात. मुदतीआधी बंद केलं तर दुसऱ्या वर्षात मुद्दलाच्या दीड टक्का कापतात, दोन वर्षांनंतर एक टक्का. पहिल्या वर्षात तर दिलेलं सगळं व्याज परत घेतात. पाच वर्षांनी तीन-तीन वर्षांची मुदतवाढ मिळते, पण तेव्हाच्या दराने.

मासिक प्राप्ती योजनेत संयुक्त खात्याला १५ लाखांची मर्यादा आहे. ७.४ टक्क्यांनी महिना ९,२५० रुपये. दर कमी आहे हे खरं, पण पत्नीला ६० पूर्ण होईपर्यंत ज्येष्ठ नागरिक योजनेत त्यांचं खातं निघत नाही, म्हणून ही तात्पुरती सोय. तीन वर्षांनंतर हे खातं एक टक्का कापून, म्हणजे १५ हजार सोडून, बंद करता येतं. तेव्हाही दोन्ही योजनांमध्ये ०.८ टक्क्याचा फरक असेल, तर उरलेल्या दोन वर्षांत २४ हजार जास्त मिळतात. मग पत्नीच्या नावे ज्येष्ठ नागरिक खातं उघडून पैसे तिकडे हलवा. फरक कमी झाला असेल तर हलवू नका.

रिझर्व्ह बँकेच्या बाँडचा दर राष्ट्रीय बचत प्रमाणपत्रापेक्षा (एनएससी) ०.३५ टक्का जास्त असतो आणि दर सहा महिन्यांनी बदलतो. एनएससी ७.७ असताना हा ८.०५. वर्षाला १ लाख ६१ हजार, १ जानेवारी आणि १ जुलैला निम्मे निम्मे. पैसे सात वर्षं अडकतात. ६० ते ७० वयाला सहा वर्षांनी बाहेर पडता येतं, तेही शेवटच्या सहामाहीच्या व्याजाची निम्मी रक्कम सोडून. यावर कर्ज मिळत नाही, विकताही येत नाहीत. तरीही २० लाख यात घाला, कारण बाकीच्या ठिकाणी दर गोठलेला आहे. पुढे व्याजदर चढले तर चढणारी ही एवढीच गोष्ट तुमच्याकडे असेल.

या तिन्हींतून वर्षाला ५ लाख १८ हजार येतात. पहिल्या वर्षी ८२ हजारांची तूट. पण तुटीची चाल बघा: खर्च ६ टक्क्यांनी वाढतोय आणि हे उत्पन्न जागच्या जागी आहे, म्हणून पाचव्या वर्षी तूट २ लाख ३९ हजार होते आणि दहाव्या वर्षी जवळपास ५ लाख. ही भरायला एफडी.

३५ लाखांची एकच पावती करू नका. ७-७ लाखांचे पाच गठ्ठे: १, २, ३, ४ आणि ५ वर्षं मुदतीचे. दर एप्रिलला एक सुटेल. त्यातून त्या वर्षाची तूट बाजूला काढायची, बाकी रक्कम पुन्हा पाच वर्षांसाठी टाकायची. व्याज पडलेलं असलं तरी त्या वर्षी पाचवा हिस्साच कमी दरात जातो. गठ्ठ्यातही २ लाखांच्या तीन आणि १ लाखाची एक अशा पावत्या घ्या; अडीनडीला दीड लाख लागले तर सातची पावती मोडून सगळ्यावर दंड कशाला भरायचा? पावणेसात टक्के व्याज धरलं तर पहिली चार वर्षं मुद्दलाला हातही लागत नाही. आणि एफडीचं व्याज अजिबात धरलं नाही, तरी दहा वर्षांच्या तुटीची बेरीज २७ लाखांच्या आसपास येते. ३५ लाख तिला पुरून उरतात. हा हिशेब लक्षात ठेवा, बाजाराची भीती यातच सुटते.

आता ती सहकारी बँक. ठेव विमा एका बँकेतल्या एका ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंतच आहे, सगळ्या शाखा एकत्र धरून. पाच वर्षांची व्याज न उचलता ठेवायची पावती साडेसात टक्क्यांनी करणार असाल, तर मुद्दल ३ लाख ४० हजारांच्या वर नको, नाहीतर शेवटी रक्कम विम्याबाहेर जाते. नावांचा क्रम बदलला तर वेगळा ठेवीदार धरतात: फक्त तुम्ही, तुम्ही पहिले आणि पत्नी दुसऱ्या, पत्नी पहिल्या आणि तुम्ही दुसरे. तिन्हींना स्वतंत्र ५ लाख. पुण्याची रुपी बँक २०१३ पासून निर्बंधांत होती आणि २०२२ मध्ये तिचा परवाना गेला. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेच्या खातेदारांना सुरुवातीला सहा महिन्यांत फक्त हजार रुपये काढायची मुभा होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईच्या न्यू इंडिया बँकेवर निर्बंध आले. निवृत्त माणसाने या यादीकडे बघून पाऊण टक्क्याचा मोह आवरलेला बरा. ७० लाखांवर वर्षाला ५२ हजार जास्त मिळतील हे खरं, पण ५ लाखांच्या वरचे ६५ लाख विम्याबाहेर असतील. आणि पतसंस्थेला हा विमाच नाही, चेअरमन ओळखीचे असले तरी.

हाताशी ठेवायच्या ८ लाखांतले ३ लाख बचत खात्यात किंवा स्वीप ठेवीत (बचत खात्याला जोडलेली, हवी तेव्हा मोडणारी एफडी), ५ लाख निव्वळ दवाखान्यासाठी. आरोग्य विमा असला तरी हे लागतात. कॅशलेसची मंजुरी रखडली की डिपॉझिट आधी भरावं लागतं. सोन्याचे ४ लाख गोल्ड ईटीएफमध्ये (सोन्याच्या भावाशी जोडलेला, शेअरसारखा घेता-विकता येणारा फंड). दागिने यात मोजू नका, ते विकले जात नाहीत.

इंडेक्स फंडातले २८ लाख म्हणजे एकूण रकमेच्या २० टक्के. २००८ मध्ये निफ्टी जानेवारी ते ऑक्टोबर सुमारे ६० टक्के पडला होता, २०२० मध्ये दोन-अडीच महिन्यांत ३८ टक्क्यांच्या आसपास. समजा उद्या निम्मे झाले: १४ लाख कागदावर गेले, एकूण गंगाजळी १० टक्क्यांनी घटली आणि घरखर्चाला एक रुपयाही कमी पडला नाही, कारण वर पाहिलं तसं दहा वर्षं या पैशाला हात लावायची गरजच नाही. नुकसान पडलेल्या बाजारात विकावं लागल्याने होतं. ज्याचा महिन्याचा किराणा फंडातून निघतो त्याला विकावंच लागतं, म्हणून निवृत्तीच्या पहिल्याच वर्षी सगळी रक्कम हायब्रिड फंडात (शेअर आणि रोखे यांचं मिश्रण असलेल्या) टाकून तिथून दरमहा पैसे काढायचा जो सल्ला सर्रास दिला जातो, तो मला पटत नाही.

निफ्टी ५० चा इंडेक्स फंड, डायरेक्ट प्लॅन (मध्ये एजंट नसलेला), ग्रोथ पर्याय (नफा फंडातच राहणारा). १४ महिने दरमहा २ लाख. तोवर ती रक्कम एका वर्षाच्या आतल्या मुदतीच्या छोट्या एफडींत. लाभांश देणारा पर्याय घेऊ नका: तो तुमच्याच पैशातून देतात आणि त्यावर स्लॅबप्रमाणे कर लागतो. डेट फंड (रोख्यांत पैसे लावणारे) मुद्दाम धरलेले नाहीत. १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या डेट फंडांच्या नफ्यावर स्लॅबप्रमाणेच कर आहे, तेव्हा एफडीच्या तुलनेत तुमच्यासाठी फारसं उरत नाही.

वर्षातून एकदा, एप्रिलमध्ये, हिशेब करा. फंडाचा हिस्सा २५ टक्क्यांच्या वर गेला असेल तर २० वर आणा आणि आलेले पैसे पाच वर्षांच्या पावतीत टाका. हिस्सा घसरून १५ च्या खाली गेला, तर पुस्तकी सल्ला एफडी मोडून फंड घ्या असा असतो. तुम्ही तसं करू नका, फक्त विकणं थांबवा. वर्षभराहून जुन्या युनिटांवर वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा नफा करमुक्त आहे, त्याच्या वरच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर. म्हणून मोठी विक्री मार्च आणि एप्रिल अशी दोन आर्थिक वर्षांत विभागली तर कर वाचतो.

प्राप्तिकराची चिंता सध्या फार नाही. व्याज आणि पेन्शन मिळून उत्पन्न साधारण ८ लाख होतं, आणि २०२५-२६ पासूनच्या नव्या कररचनेत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य येतो. (फंडाच्या नफ्याला ही सवलत लागू नाही.) तरीही एका बँकेतलं व्याज वर्षाला १ लाखाच्या वर गेलं की टीडीएस कापतात, म्हणून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच प्रत्येक बँकेत आणि पोस्टात स्वयंघोषणेचा फॉर्म द्या, जो इतकी वर्षं १५एच म्हणून ओळखला जायचा. तुमच्या पैशातून पत्नीच्या नावे ठेव केली तर व्याज तुमच्याच उत्पन्नात धरलं जातं, तेव्हा कर वाचेल म्हणून नावं बदलत बसू नका. वर सांगितलेली विम्याची मर्यादा आणि ज्येष्ठ नागरिक खातं, एवढ्यासाठीच त्यांचं नाव पहिलं ठेवा.

पैसे खात्यात जमा झाले की आठवड्याभरात बँकेतून फोन येईल आणि ‘एफडीसारखंच, पण जास्त परतावा’ असं काहीतरी समोर ठेवतील. बहुतेक वेळा ती विमा पॉलिसी असते. सही झालीच असेल तर पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत परत करता येते. येस बँकेचे एटी-१ बाँडही (बँक अडचणीत आली तर बुडीत काढता येतात असे रोखे) कित्येक निवृत्तांनी एफडीला पर्याय म्हणूनच घेतले होते. मार्च २०२० मध्ये त्यांची किंमत शून्य करण्यात आली.

क्रम असा ठेवा: पहिल्या महिन्यात ज्येष्ठ नागरिक खातं, मासिक प्राप्ती आणि हाताशी ठेवायचे ८ लाख. दुसऱ्या महिन्यात एफडीचे पाच गठ्ठे आणि बाँड. फंडाचा पहिला हप्ता तिसऱ्या महिन्यात, सोनं सवडीने. एफडी आणि बचत खाती ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला’ अशा पद्धतीची करा, सगळीकडे नामनिर्देशन करा आणि शिवाय साधं मृत्युपत्रही करा, कारण नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. शेअर आणि फंडांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं आहे. आणि पहिल्या एप्रिलचा हिशेब पत्नीकडून करून घ्या, तुम्ही नुसते शेजारी बसा.