खुर्चीत गेलेला माणूस लॅब विसरतो का?

मागच्या अंकात जीनोमवर, म्हणजे माणसाच्या पेशीतल्या डीएनएच्या अख्ख्या मजकुरावर लिहिताना फ्रान्सिस कॉलिन्स हे नाव एका ओळीत येऊन गेलं, म्हणजे तो मजकूर वाचायच्या अमेरिकी प्रोजेक्टचा प्रमुख असलेला शास्त्रज्ञ. त्या एका ओळीवर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. सगळी घेणं शक्य नाही, पाच घेतलीयत. पहिलं आणि शेवटचं मोठं आहे, कारण ते प्रश्नच तसे आहेत.

"माझी मुलगी हैदराबादला जेनेटिक्समध्ये पोस्टडॉक करते. तिच्या सरांना संचालकपद मिळालं तर लॅबमध्ये म्हणे सुतक असल्यासारखं वातावरण आहे, सर आता फायलींत गेले, संपलं. मुलीलाही संशोधनाच्या ग्रँट सांभाळायच्या ऑफिसातली नोकरी चालून आलीय, ती घ्यावी का यावरून घरात रोज वाद. तुमचा तो कॉलिन्स तर वर्षानुवर्षं खुर्चीतच होता ना? मग त्याला मोठा शास्त्रज्ञ का म्हणायचं?" – एक आई, सांगली

ताई, त्या सुतकाचं मला नवल वाटत नाही. मी कॉलेजात झूऑलॉजी शिकवायचो, त्यातली ६ वर्षं विभागप्रमुख होतो आणि त्या ६ वर्षांत मायक्रोस्कोपपेक्षा टाइमटेबलच जास्त वेळा डोळ्यांखालून गेलं. पण माझ्या खुर्चीची आणि या माणसाच्या खुर्चीची तुलनाच नाही, म्हणून आधी तो खुर्चीत जायच्या आधीचं सांगतो.

१९८० च्या दशकात कॉलिन्स मिशिगन विद्यापीठात जनुकं शोधत होता. तेव्हा रोगाचं जनुक शोधणं म्हणजे काय होतं? समजा अख्ख्या महाराष्ट्राच्या मतदार याद्या तुमच्यापुढे टाकल्या आणि सांगितलं की यात कुठेतरी एका नावाची वेलांटी चुकलीय, शोधा, आणि हो, याद्यांची पानंही उलटसुलट झालीयत. विद्यापीठाने तर त्याचा गवताच्या गंजीवर बसून हातात सुई धरलेला फोटोच काढून घेतला होता. एकेक पान उलटत बसण्याऐवजी गुणसूत्रावर लांब लांब उड्या मारत पुढे जायची पद्धत त्याने येल विद्यापीठात असताना बसवली होती, ती इथे कामी आली. टोरांटोचे लॅप-ची त्सुई आणि जॅक रिओर्डन यांच्याबरोबर त्याने सिस्टिक फायब्रोसिसचं, म्हणजे फुप्फुसं चिकट कफाने भरणाऱ्या आनुवंशिक आजाराचं जनुक शोधलं, १९८९ मध्ये. त्या वर्षीच्या मे महिन्यात तो आणि त्सुई येलला एका बैठकीसाठी होस्टेलच्या खोल्यांत उतरले होते, त्सुईने खोलीतच फॅक्स मशीन लावून घेतलं होतं, आणि पावसाळी रात्री त्या फॅक्समधून लॅबचे आकडे बाहेर आले. डीएनएची तीन अक्षरं गायब! ३०० कोटी अक्षरांत तीन. पुढच्या वर्षी नसांवर गाठी आणणाऱ्या न्यूरोफायब्रोमॅटोसिसचं जनुक, आणि १९९३ ला बऱ्याच लॅबनी मिळून मेंदू हळूहळू निकामी करणाऱ्या हंटिंग्टन रोगाचं शोधलं त्यातही हा होताच.

आणि नेमकं याच वर्षी, म्हणजे हात इतका छान बसलेला असताना, हा माणूस सरकारी नोकरीत गेला. ह्यूमन जीनोम प्रोजेक्ट १९९० ला सुरू झाला होता, १५ वर्षं आणि ३०० कोटी डॉलर असा हिशोब, आणि त्याचे पहिले प्रमुख जेम्स वॉटसन, तेच डीएनएच्या रचनेवाले, जनुकांच्या पेटंटवरून एनआयएचच्या, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेच्या तेव्हाच्या प्रमुख बर्नाडीन हीली यांच्याशी बिनसलं म्हणून १९९२ मध्ये बाहेर पडले होते. त्या रिकाम्या खुर्चीवर कॉलिन्सला बोलावलं तर तो काही लगेच हो म्हणाला नाही. साहजिक आहे. वॉटसननंतर जायचं म्हणजे तेंडुलकर आउट झाल्यावर बॅटिंगला उतरण्यासारखं.

आता खुर्चीत बसून त्याने केलं काय ते बघा, कारण तुमच्या मुलीचा प्रश्न इथे आहे. त्याने स्वतः काही तिथे अक्षरं वाचत बसायची नव्हती, ती वाचणारी सहा देशांतली २० सेंटर होती. त्याचं काम होतं भांडणं मिटवणं, पैसे वाटणं आणि पैसे कापणं. हे शेवटचं सगळ्यात वाईट. १९९९ च्या सुमाराला वेग वाढवायचा म्हणून बहुतेक काम पाच मोठ्या सेंटरकडे वळवलं गेलं, त्यात ज्या छोट्या लॅब मागे पडल्या त्या काही खूश झाल्या नसणार. मग या पाच जणांचे दर आठवड्याला फोन, कुणाचं किती झालं, कुणाचं का अडलं. कंटाळवाणं आहे, पण हे कुणीतरी रेटलं नसतं तर ते ३०० कोटींचं पुस्तक अर्धवटच राहिलं असतं.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. १९९६ मध्ये बर्म्युडाला एक बैठक झाली, तिथे ठरलं की हजार अक्षरांपेक्षा मोठा तुकडा जुळला की तो २४ तासांच्या आत जगाला फुकट खुला करायचा, पेपर छापून येईपर्यंत दाबून ठेवायचा नाही. याचं श्रेय ब्रिटनचे जॉन सल्स्टन आणि अमेरिकेचे रॉबर्ट वॉटर्स्टन यांना आधी दिलं पाहिजे, त्यांनीच ते लावून धरलं. पण नियम करणं वेगळं आणि पुढची ७ वर्षं तो मोडू न देणं वेगळं, आणि दुसरं काम खुर्चीतल्या माणसाचं असतं. आज तुमची मुलगी लॅपटॉप उघडून मानवी जीनोमचा हवा तो भाग एक पैसा न देता बघते ना, ते या नियमामुळे.

आणि लॅब विसरला का? नाही. एनआयएचच्या जीनोम इन्स्टिट्यूटमध्ये त्याने छोटी का होईना स्वतःची लॅब ठेवली. प्रोजेरिया म्हणून एक भयंकर दुर्मिळ आजार आहे, मुलं लहानपणीच म्हातारी होतात. त्यामागे एका अक्षराचा बदल आहे हे २००३ मध्ये दाखवलं त्यात त्याची लॅब होती, आणि त्या धाग्याला धरून लोनाफार्निब या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली ती नोव्हेंबर २०२० मध्ये, तेव्हा हा अख्ख्या एनआयएचचा प्रमुख होता. २७ संस्था त्याच्या हाताखाली, ओबामा, ट्रम्प, बायडन असे तीन राष्ट्राध्यक्ष, २००९ ते २०२१. तिघांकडे टिकला ही मला तर जनुक शोधण्याइतकीच अवघड गोष्ट वाटते.

चुका? झाल्या. १९९६ मध्ये त्याच्याच लॅबमधल्या एका विद्यार्थ्याने खोटा डेटा घातल्याचं उघड झालं, तेव्हा त्याने पाच पेपर मागे घेतले किंवा दुरुस्त केले आणि त्या विषयातल्या संशोधकांना स्वतःहून पत्र पाठवून कळवलं. हे मला आवडलं. कोविडच्या वेळचं नाही आवडलं. २०२० मध्ये लॉकडाउनच्या विरोधात जाहीरनामा काढणाऱ्या प्राध्यापकांना त्याने ईमेलमध्ये कडेचे, बाजूला पडलेले लोक म्हटलं आणि त्यांचं म्हणणं झटपट खोडून काढलं पाहिजे असं लिहिलं. मते पटो न पटो, सगळ्या ग्रँटच्या चाव्या ज्याच्या हातात त्याने असं लिहू नये. पुढे त्यानेच कबूल केलं की जीव वाचवण्याच्या नादात लोकांच्या बाकीच्या आयुष्याचं काय होतंय याची किंमत आम्ही धरलीच नाही.

तर मुलीला विचारा, त्या ऑफिसात गेल्यावर कुणाला पैसे मिळावेत यात तिचा शब्द चालणार आहे का, की नुसत्या फायली इकडून तिकडे. शब्द चालणार असेल तर जाऊ दे. नसेल तर वाद बंद करा आणि तिला लॅबमध्ये राहू दे.

"मी बारावीला बायो सोडलं कारण पाठांतर जमत नव्हतं, आता बीएस्सी केमिस्ट्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि जेनेटिक्स आवडायला लागलंय. घरचे म्हणतात गाडी चुकली." – विद्यार्थी, लातूर

अरे बाबा, कॉलिन्सची गाडी दोनदा चुकली. व्हर्जिनियातल्या एका छोट्या शेतावर वाढला, सहावीपर्यंत आईच घरी शिकवायची, आईवडील नाटकवेडे. बायोलॉजी त्याला तुझ्यासारखीच नकोशी, केमिस्ट्री घेतली, आणि येलला पीएचडीसुद्धा फिजिकल केमिस्ट्रीत, १९७४ ची. सगळी गणितं आणि क्वांटम मेकॅनिक्स. तिथे असताना कुठेतरी बायोकेमिस्ट्रीचा एक कोर्स केला आणि डीएनएने डोकं फिरवलं. मग लग्न झालेलं, पदरात मूल, आणि हा नॉर्थ कॅरोलिनाला मेडिकलला पहिल्या वर्षात जाऊन बसला, १९७७ ला एमडी. तू तर अजून दुसऱ्याच वर्षात आहेस, आणि आजच्या जेनेटिक्सला पाठांतरापेक्षा स्टॅटिस्टिक्स आणि कोडिंग जास्त लागतं. पायथन शीक. घरच्यांना हे पान दाखव.

"क्रेग व्हेंटर आणि कॉलिन्सच्या शर्यतीत नक्की जिंकलं कोण?" – एक वाचक, डोंबिवली

व्हेंटरच्या सेलेरा या खाजगी कंपनीने १९९८ मध्ये जाहीर केलं की आम्ही तीन वर्षांत आणि खूप कमी पैशात जीनोम वाचायचं हेच काम करतो, तेव्हा सरकारी प्रोजेक्टची झोप उडाली हे खरं. दोघांत इतकं वितुष्ट आलं की शेवटी अमेरिकेच्या ऊर्जा खात्यातले एरी पॅट्रिनोस यांनी दोघांना आपल्या घरी बोलावून पिझ्झा आणि बिअरवर बसवलं आणि तोडगा काढला. २६ जून २००० ला व्हाइट हाउसमध्ये क्लिंटनच्या एका बाजूला हा, दुसऱ्या बाजूला तो. बरोबरी. पण माझं मत विचाराल तर व्हेंटरने वेग दिला आणि दुसऱ्या बाजूने पुस्तक उघडं ठेवलं, आणि उघडं पुस्तक जास्त दिवस टिकलं. सेलेराला सरकारी डेटा फुकट मिळत होता, उलट दिशेने मात्र तसं नव्हतं, हेही लक्षात ठेवा. पूर्ण झाल्याची घोषणा १४ एप्रिल २००३ ची, कॉलिन्सचा तो ५३ वा वाढदिवस. 'पूर्ण' म्हणजे तेव्हा ९२ टक्के हो, उरलेले खड्डे बुजायला २०२२ उजाडलं.

"एवढा मोठा शास्त्रज्ञ देव मानतो हे पटत नाही." – एक वाचक, पुणे

त्याला पटतं. तरुणपणी नास्तिक होता, डॉक्टरकी शिकताना मरणाच्या दारातल्या पेशंटची श्रद्धा बघून विचार करायला लागला आणि ख्रिश्चन झाला. उत्क्रांतीही ठामपणे मानतो आणि त्यावरून स्वतःच्याच धर्मातल्या कट्टर लोकांच्या शिव्याही खातो. आपल्याकडे गणपतीला नमस्कार करून रॉकेट सोडणारे आहेतच की.

"जीनोम वाचून झाला म्हणून एवढा गाजावाजा झाला. आमच्या घरात सिकलसेल आहे, पुतण्याला दर दोन महिन्यांनी ॲडमिट करावं लागतं. आम्हाला त्या जीनोममधून काय मिळालं?" – एक काका, भंडारा जिल्हा

काका, तुमच्या पत्राला गोड उत्तर द्यायला गेलो तर ते खोटं होईल.

सिकलसेल, म्हणजे रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या करणारा आनुवंशिक आजार, तर जीनोम प्रोजेक्टच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. हिमोग्लोबिनमध्येच फरक आहे हे लायनस पॉलिंगने १९४९ मध्ये दाखवलं, पुढे १९५० च्या दशकात कळलं की हिमोग्लोबिनच्या साखळीतला फक्त एक मणी बदललेला आहे. इतका साधा बदल माहीत असून त्या मूळ बिघाडावर थेट काम करणाऱ्या औषधाला ७० वर्षं! याउलट सिस्टिक फायब्रोसिस बघा, जनुक सापडलं १९८९ ला, त्या बिघाडावर थेट काम करणारी पहिली गोळी २०१२ ला आणि ती थोड्याच पेशंटना चालायची, बहुतेकांना चालणारी गोळी २०१९ ला. ३० वर्षं झाली, पण झालं. फरक काय? तो आजार मुख्यतः गोऱ्या लोकांचा, त्यांच्यामागे पैसे उभे करणारी भक्कम संघटना. सिकलसेल आफ्रिकेतल्या, अमेरिकेतल्या काळ्या लोकांचा आणि आपल्याकडे विदर्भातल्या, नंदुरबारकडच्या आदिवासी, दलित, ओबीसी घरांतला. कोण उभं राहणार?

२०१९ मध्ये कॉलिन्स खुर्चीत असताना एनआयएच आणि गेट्स फाउंडेशनने मिळून सिकलसेल आणि एचआयव्हीच्या जनुकीय उपचारांवर प्रत्येकी किमान १० कोटी डॉलर लावायचं ठरवलं, आणि अट अशी की उपचार गरीब देशांतही परवडला पाहिजे. तिथपर्यंत जायला अजून बराच रस्ता आहे. दरम्यान डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत कॅसजेव्ही या उपचाराला परवानगी मिळाली. त्यात पेशंटच्याच रक्त बनवणाऱ्या मूळपेशी काढतात, त्यांच्यातलं एक बटण बंद करतात, मग बाळ पोटात असताना असतं तसलं हिमोग्लोबिन शरीर पुन्हा बनवायला लागतं आणि पेशी वाकड्या होत नाहीत. ते बटण कुठलं हे सापडलं जीनोमच्या उघड्या पुस्तकामुळेच, हजारो लोकांची अक्षरं एकमेकांशी ताडून. म्हणजे मिळालं तर आहे. पण किंमत तेव्हा २२ लाख डॉलर, त्या वेळच्या भावाने आपले १८ कोटी रुपये, शिवाय आधी कडक किमोथेरपी. भंडाऱ्याच्या माणसाने त्यावर बोलायचं तरी कशाला, असं तुम्ही म्हणाल, आणि मी वाद घालणार नाही.

म्हणून आज हाताशी काय आहे ते सांगतो. पुतण्याला हायड्रॉक्सियुरिया चालू आहे का, ते विचारा. स्वस्त आहे, जुनं आहे, आणि त्या वेदनेचे झटके बऱ्याच जणांचे कमी करतं. पण रक्त तपासत राहून डॉक्टरांच्या देखरेखीतच घ्यायचं, स्वतःच्या मनाने नाही. पाणी भरपूर, ताप आला तर घरगुती उपाय करत बसायचं नाही, तडक दवाखाना. आणि २०२३ पासून केंद्राचं सिकलसेल मिशन सुरू आहे त्यात ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी होते आणि कार्ड मिळतं, घरातल्या सगळ्या पोरापोरींची करून घ्या, ज्यांना काहीच त्रास नाही त्यांचीही. कारण वाहक असणाऱ्याला, म्हणजे बिघडलेलं जनुक एकाच पालकाकडून मिळालेल्याला, स्वतःला सहसा काही होत नाही, पण नवरा-बायको दोघंही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता मुलाला पूर्ण आजार होण्याची. हे पत्रिकेतल्या गुणांसारखं लपवून ठेवायचं किंवा मुलीच्याच माथी मारायचं प्रकरण नाही, तुमच्या भागात असं होतं हे मला माहीत आहे म्हणून लिहितो. सोयरीक जुळवायला बसाल तेव्हा दोन्हीकडची कार्डं आधी मांडा, मग चहा.