टक्के, तारीख आणि मुलाची फाइल : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : माझा मुलगा मार्चमध्ये १० वर्षांचा होईल. तो पाच वर्षांचा असताना मेडिकलमधून (नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून) बौद्धिक दिव्यांगत्वाचे ५० टक्क्यांचे प्रमाणपत्र मिळाले होते. यूडीआयडी कार्डही (दिव्यांगांचे केंद्रीय ओळखपत्र) आहे. आता सगळे पहिल्यापासून करायचे का? (एक आई, मानेवाडा)

पहिल्यापासून नाही, पण तपासणी मात्र पुन्हा होईल. २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे (त्या २०२४ मध्ये सुधारल्या गेल्या) बौद्धिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र ५, १० आणि १८ या वयांत नवे करायचे असते आणि अठराव्या वर्षी मिळणारे कायमचे असते. तरी तुमच्या कागदावर जी तारीख छापली आहे तीच धरा. काही मुलांना त्याआधीचीही तारीख मिळालेली असते.

तारखेच्या तीन महिने आधी कामाला लागा आणि सुरुवात आधारपासून करा. पाच वर्षे पूर्ण झाल्यावर मुलाचे बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद आधारवर करावी लागते. हे राहून गेले असेल तर पुढे प्रत्येक खिडकीवर अडचण येते. मुलाच्या नावाचे स्पेलिंग, जन्मतारीख आणि पत्ता हे आधार, शाळेचा दाखला आणि जुने प्रमाणपत्र यांत एकसारखे आहेत ना, ते पाहा. एका अक्षराचा फरक असला तरी आधी तोच दुरुस्त करून घ्या.

मग स्वावलंबन पोर्टलवर (दिव्यांग प्रमाणपत्राचे सरकारी संकेतस्थळ) जुन्या यूडीआयडी क्रमांकाने लॉगिन करून नूतनीकरणाचा अर्ज करायचा. सर्वाधिक चुका इथेच होतात. घाईत, नाहीतर सायबर कॅफेवाल्याच्या भरवशावर, ‘नवीन अर्ज’ भरला जातो आणि आधार आधीच नोंदलेले असल्याने तो अडकतो. तुमचा ‘एमएच’ने सुरू होणारा १८ अक्षर-अंकांचा क्रमांक तोच राहतो, फक्त मुदत आणि टक्के बदलतात. दुसरी अडचण मोबाइलची. पाच वर्षांपूर्वी दिलेला नंबर बंद पडला असेल तर ओटीपी कुणा भलत्याच माणसाला जातो, म्हणून नंबर आधी बदलून घ्या. अर्जात रुग्णालय निवडताना आधारवरचा पत्ता आपल्याच जिल्ह्याचा आहे याची खात्री करा.

रुग्णालयात जाताना जुने प्रमाणपत्र, आधी झालेल्या चाचण्यांचे अहवाल, थेरपीच्या नोंदी, चालू औषधांची चिठ्ठी आणि वर्गशिक्षिकेचे अर्ध्या पानाचे पत्र सोबत ठेवा. त्या पत्रात ‘मुलगा मंद आहे’ असे नको. ‘दोन अंकी बेरीज येत नाही, वर्गात एका जागी दहा मिनिटे बसतो, डबा उघडून द्यावा लागतो’ असे नेमके लिहून घ्या. कानांची किंवा डोळ्यांची तक्रार असेल तर ती तपासणी आधीच उरकून घ्या. नीट ऐकू न येणारे मूल बुद्धिमापन चाचणीत विनाकारण मागे पडते. फिट्सच्या गोळीचा डोस चुकवू नका. मुलाला जेवू घालून न्या, खाऊ आणि पाणी जवळ असू द्या. उपाशी किंवा पेंगुळलेले मूल सहकार्य करत नाही आणि मग दुसऱ्या तारखेला पुन्हा यावे लागते. डॉक्टरांची तपासणी आणि मानसशास्त्रज्ञाची चाचणी एकाच दिवशी होईलच असे नाही, तेव्हा सुटी टाकताना हे ध्यानात ठेवा.

मंजुरी मिळाली की प्रमाणपत्र आणि ई-कार्ड पोर्टलवरून उतरवून घ्या. टपालाने येणाऱ्या प्लास्टिकच्या कार्डाची वाट पाहत बसू नका.

प्रश्न : मुलगी आता स्वतः जेवते, फ्रॉक घालते. शेजारच्या ताई म्हणतात, ‘डॉक्टरांना हे सांगू नका, टक्के कमी होतील.’ खरे का? (वाचक, कामठी)

हा सल्ला नागपुरात घरोघरी मिळतो आणि तो चुकीचा आहे. का, ते आकड्यांत पाहू.

बुद्ध्यांकाच्या चाचणीबरोबर मुलाचे रोजचे वागणे मोजण्यासाठी व्हाइनलँड सोशल मॅच्युरिटी स्केल वापरतात. त्याचे भारतीय रूपांतर डॉ. ए. जे. मॅलिन यांनी आपल्या नागपुरातच केले. त्यात ८९ बाबी आहेत. कपाने पाणी पिणे, बटणे लावणे, अंघोळ करणे, दुकानातून किरकोळ वस्तू आणणे अशा. यातले मूल काय काय करते ते आईवडिलांना विचारून त्याचे ‘सामाजिक वय’ काढतात. त्याला खऱ्या वयाने भागून शंभराने गुणले की येतो तो सामाजिक गुणांक. २०१८ च्या सूचनांनुसार ५५ ते ६९ गुणांक म्हणजे सौम्य, ५० टक्के. ३६ ते ५४ म्हणजे मध्यम, ७५ टक्के. त्याखाली तीव्र ९० आणि अतितीव्र १०० टक्के.

आता हिशेब करा. पाच वर्षांच्या मुलीचे सामाजिक वय तीन असेल तर गुणांक ६०, म्हणजे ५० टक्के. दहाव्या वर्षी ती बरेच शिकली आणि सामाजिक वय पाच झाले, तर गुणांक ५०, म्हणजे ७५ टक्के. मुलगी पुढे गेली, तरी टक्के वाढले. कारण तुलना कालच्या मुलीशी होत नाही, तिच्या वयाच्या मुलांशी होते. लपवाछपवीने मात्र नुकसान होते. आई म्हणते ‘काहीच येत नाही’ आणि मुलगी डॉक्टरांसमोर चपलेचा पट्टा स्वतः लावते. मग आईच्या बाकीच्या खऱ्या उत्तरांवरही विश्वास राहत नाही.

खरी अडचण वेगळीच असते. ‘जेवते का?’ म्हटले की आपण सवयीने ‘हो’ म्हणतो. पण पोळीचे तुकडे कोण करून देते? भात कालवून कोण देते? घास तोंडात तसाच ठेवून बसली तर आठवण कोण करते? उत्तर असे द्यावे : ‘चमच्याने खाते, पोळी मोडून द्यावी लागते, पाच-सहा वेळा सांगावे लागते.’ जाण्याआधी आठवडाभर वहीत लिहा : काय स्वतः करते, काय सांगितल्यावर, काय हात धरून. ती वही सोबत न्या.

गुणांक ७० ते ८४ मध्ये गेला तर २५ टक्के येतात आणि ४० टक्क्यांची अट असलेल्या सवलती सुटतात. सीमेवरच्या मुलांच्या पालकांनी ही वही मुळीच टाळू नये.

प्रश्न : मुलाच्या प्रमाणपत्राची मुदत गेल्या ऑक्टोबरमध्ये संपली. आयकरातली वजावट आणि निरामय विमा यांचे काय? (नोकरदार वडील, प्रतापनगर)

१९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ८०डीडी खाली (मार्च २०२६ पर्यंतच्या उत्पन्नासाठी) ४० टक्क्यांपासून ७५ हजार आणि ८० टक्के किंवा जास्त असल्यास सव्वा लाख रुपये वजावट मिळते, पण जुन्या करप्रणालीतच. ज्या आर्थिक वर्षात प्रमाणपत्र संपले त्या वर्षाची वजावट मिळते. पुढच्या वर्षापासून नवा कागद हवा. मूल स्वमग्न असेल, त्याला सेरेब्रल पाल्सी किंवा बहुदिव्यांगत्व असेल तर फॉर्म १०-आयए लागतो. त्यावर न्यूरोलॉजिस्ट (मुलांसाठी बाल-न्यूरोलॉजिस्ट), सिव्हिल सर्जन किंवा सरकारी रुग्णालयाचे मुख्य वैद्यकीय अधिकारी यांची सही चालते. नेहमीच्या बालरोगतज्ज्ञाची सही घेऊन येणारे पालक बरेच असतात, पण ती चालत नाही.

निरामय या नॅशनल ट्रस्टच्या आरोग्य विमा योजनेत एक लाखापर्यंतचे संरक्षण मिळते. ती योजना स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुदिव्यांगत्व या चारच गटांसाठी आहे. तिचे नूतनीकरण दरवर्षी वेगळे करावे लागते. यूडीआयडी नवे झाले म्हणजे विमाही नवा झाला, असे समजू नका.

प्रश्न : मुलगा १८ चा होतोय. बँक म्हणते, पालक म्हणून तुमची सही आता चालणार नाही. (आजोबा, काटोल)

बँकेचे बरोबर आहे. १८ पूर्ण झाल्यावर आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. वर निरामयसाठी सांगितलेल्या चार प्रकारांपैकी दिव्यांगत्व असेल तर नॅशनल ट्रस्ट कायदा, १९९९ नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे ‘फॉर्म ए’ भरून पालकत्वाचा अर्ज करा. अर्ज मंजूर झाला की ‘फॉर्म बी’ मिळतो आणि बँकेला तोच हवा असतो. तुमचा अर्ज नागपूर जिल्हाधिकारी कार्यालयाकडे, सिव्हिल लाइन्सला जाईल.

त्याच सुमारास अठराव्या वर्षाचे कायमचे प्रमाणपत्र घ्या. कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला ५० हजारांच्या आत असेल तर काटोल तहसीलच्या संजय गांधी शाखेत निराधार अनुदानाचा अर्ज द्या. दिव्यांगांसाठी ते महिन्याला अडीच हजार रुपये आहे. उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चलाच संपतो, म्हणून फेब्रुवारीत काढलेला दाखला जेमतेम महिनाभर उपयोगी पडेल. शक्य असेल तर एप्रिलमध्ये काढा.

रेल्वेचे सवलत प्रमाणपत्रही यूडीआयडीपेक्षा वेगळे असते. २५ वर्षांपर्यंत त्याची मुदत पाच वर्षे. नागपुरात मध्य आणि दक्षिण पूर्व मध्य अशा दोन रेल्वेंची मंडल कार्यालये आहेत. निघण्याआधी तुमचे स्टेशन कुठल्या मंडलात येते ते विचारून घ्या, म्हणजे काटोलहून येण्याची फेरी वाया जाणार नाही.