चेल्सीकडे एवढा पैसा आहे, मग नवीन स्टेडियम का होत नाही?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की आर्सेनल, टॉटनहॅम, अगदी एव्हर्टन या इंग्लिश फुटबॉल क्लबांचंसुद्धा नवं स्टेडियम झालं आणि चेल्सी मात्र खेळाडूंवर वारेमाप पैसा उधळून चाळीस हजारांच्या जुन्या मैदानातच अडकलंय, तर मालकांना यात रसच नाही का?

रस आहे. पैसाही इकडून तिकडून उभा राहील. घोडं अडलंय जागेवर, आणि जागा म्हटली की नुसते एकर मोजून भागत नाही, सातबारा कोणाच्या नावावर आहे तेही बघावं लागतं. मी बरीच वर्षं लंडनमध्ये बांधकामाच्या परवानग्यांशी संबंधित कामात आहे आणि त्याहून जास्त वर्षं चेल्सीवाला आहे. त्यामुळे पुढचं वाचताना थोडा पक्षपात धरूनच चाला.

आधी फोनवर नकाशा उघडून स्टॅमफर्ड ब्रिज, म्हणजे चेल्सीचं मैदान बघा. पूर्वेला ओव्हरग्राउंड रेल्वेचे रूळ आणि त्यापलीकडे ब्रॉम्प्टन सिमेट्री, म्हणजे जुनं संरक्षित कब्रस्तान. उत्तर-पश्चिमेच्या बाजूने लंडन मेट्रोची डिस्ट्रिक्ट लाइन खोल खड्ड्यातून जाते. दक्षिणेला फुलम रोड. उरलेल्या फटींत घरं. सगळी मिळून जेमतेम बारा एकर जागा, आणि त्यातच क्लबने स्वतः बांधलेली हॉटेलंही आहेत. मॅच संपली की जवळजवळ सगळी गर्दी त्या एकाच फुलम रोडवर ओतली जाते. घोड्यावरचे पोलीस लोकांना टप्प्याटप्प्याने फुलम ब्रॉडवे स्टेशनकडे सोडतात. पश्चिम स्टँडच्या मागे त्या गर्दीत उभं राहिलं की कळतं, इथे आणखी वीस हजार माणसं नुसती बसवून चालणार नाही, ती बाहेर कशी काढायची हा खरा प्रश्न आहे. वर चार मजले चढवा म्हणणाऱ्यांनी एकदा हिवाळ्यात रात्रीच्या मॅचनंतर तिथून स्टेशनपर्यंत चालून दाखवावं.

आता सातबारा. इथे गोष्ट थोडी मागे न्यावी लागेल, कारण आजच्या अडचणीची मुळं तिथेच आहेत.

चेल्सीचा जन्मच उलटा आहे. आधी मैदान, मग क्लब. स्टॅमफर्ड ब्रिज १८७७ पासून धावण्याच्या शर्यतींचं मैदान होतं. १९०४ मध्ये गस मीअर्स आणि त्याच्या भावाने ते घेतलं आणि शेजारच्या फुलम क्लबला इथे खेळायला या म्हणून विचारलं. फुलम नको म्हणाले, तेव्हा १९०५ मध्ये समोरच्या पबमध्ये बसून नवा क्लबच काढला. पुढे १९३५ साली आर्सेनलविरुद्धच्या मॅचला इथे ८२,९०५ लोकांची अधिकृत नोंद आहे. उभ्याने बघायचे दिवस होते, म्हणून ते शक्य झालं.

सत्तरच्या दशकात क्लबने मोठं नवं स्टेडियम बांधायला घेतलं आणि सुरुवात पूर्वेच्या स्टँडपासून केली. तीन मजली, लोखंडी, त्या काळाच्या मानाने अतिमहत्त्वाकांक्षी. काम रखडलं, खर्च आवाक्याबाहेर गेला, १९७४ मध्ये स्टँड उभा राहिला आणि १९७५ मध्ये टीम दुसऱ्या डिव्हिजनमध्ये घसरली. बाकीचे स्टँड कागदावरच राहिले. म्हणजे चेल्सीची रखडलेली स्टेडियम योजना ही आजची गोष्ट नाही, पन्नास वर्षांची परंपरा आहे! तो पूर्व स्टँड अजून उभा आहे आणि आजच्या स्टेडियममधला सगळ्यात जुना भाग तोच.

कर्ज एवढं झालं की १९८२ मध्ये केन बेट्सला क्लब एका पौंडात मिळाला, अर्थात देण्यांसकट. गंमत अशी की एक पौंडात क्लब आला, जमीन आली नाही. ती वेगळ्या कंपनीकडे राहिली आणि तिथून बिल्डरांच्या हातात गेली. मुंबई-पुण्याच्या वाचकांना हे वेगळं समजवायला नको. कन्व्हेयन्स न झालेल्या सोसायटीसारखी गत झाली, राहता तुम्ही आणि जागेचा मालक भलताच. बिल्डरला तिथे फ्लॅट बांधायचे होते. क्लबने वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या केल्या, समर्थकांनी मैदान वाचवायला वर्गणी गोळा केली. शेवटी क्लब वाचला तो नशिबाने. नव्वदच्या सुरुवातीला लंडनचा प्रॉपर्टी बाजार कोसळला आणि त्या मंदीत १९९२ मध्ये बिल्डरच बुडाला.

यातून १९९३ मध्ये चेल्सी पिच ओनर्स नावाची कंपनी निघाली, सगळे तिला सीपीओ म्हणतात. कल्पना साधी होती. मैदानाची जमीन समर्थकांच्या कंपनीकडे, शेअर छोटे छोटे, आणि कोणी कितीही शेअर घेतले तरी एका माणसाची मतं शंभरावर जाणार नाहीत. कंपनीने जमीन क्लबला जवळजवळ दोनशे वर्षांच्या भाडेपट्ट्यावर नाममात्र भाड्यात दिली. वर एक पाचर मारून ठेवली. क्लब स्टॅमफर्ड ब्रिज सोडून दुसरीकडे गेला तर ‘चेल्सी फुटबॉल क्लब’ हे नाव सीपीओच्या संमतीशिवाय वापरता येणार नाही. म्हणजे मालकाने उद्या पश्चिम लंडनच्या दुसऱ्या टोकाला चकचकीत स्टेडियम बांधलं तरी दारावर पाटी कोणती लावणार?

रशियन अब्जाधीश रोमन अब्रामोविच २००३ मध्ये क्लबचा मालक म्हणून आला तेव्हा त्याच्याकडे पैशाला तोटा नव्हता. तरी ही पाचर त्याला निघाली नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये क्लबने सीपीओकडून जमीन परत घ्यायचा प्रस्ताव आणला. २०२० च्या आत जागा बदललीच तर ती तीन मैलांच्या आतच असेल, अशी हमीही दिली. ठराव मंजूर व्हायला ७५ टक्के मतं हवी होती. मिळाली ६१ टक्क्यांहून थोडी जास्त. बहुमत होतं, पण पुरेसं नव्हतं.

पुढच्याच वर्षी क्लबने बॅटरसी पॉवर स्टेशनच्या जागेसाठी बोली लावली. त्या चार पांढऱ्या धुराड्यांच्या मध्ये साठ हजारांचं स्टेडियम, अशी चित्रंही निघाली. जागा मलेशियाच्या कंपन्यांनी घेतली. आज तिथे मॉल, महागडे फ्लॅट आणि ॲपलचं ऑफिस आहे. माझ्या मते चेल्सीला बाहेर जायची खरी संधी तीच होती, पण सीपीओच्या मतदानात हरलेला क्लब ती जागा जिंकला असता तरी नावाचं काय करणार होता हे मला अजून उमगलेलं नाही.

मग आलं सगळ्यात गाजलेलं प्रकरण, ज्याची चित्रं तुम्ही पाहिली असतीलच. हेर्झोग आणि द म्यूरॉन या स्विस आर्किटेक्टांची विटांच्या उंच खांबांची रचना, वेस्टमिन्स्टर ॲबीची आठवण व्हावी अशी, ६० हजार आसनांची. गर्दी बाहेर काढण्यासाठी दोन्ही बाजूंच्या रेल्वेमार्गांवर छत टाकून त्यावरून लोकांना चालवायचं ठरलं. जानेवारी २०१७ मध्ये हॅमरस्मिथ अँड फुलम कौन्सिलने, म्हणजे तिथल्या पालिकेने परवानगी दिली, मार्चमध्ये लंडनचे महापौर सादिक खान यांनीही हिरवा कंदील दाखवला. आम्हाला वाटलं, झालं काम.

पण रेल्वेपलीकडे राहणारं एक कुटुंब कोर्टात गेलं. मुद्दा उजेडाचा. इंग्लंडमध्ये एखाद्या खिडकीतून सलग वीस वर्षं उजेड येत असेल तर त्या उजेडावर घरमालकाचा हक्क तयार होतो आणि तो अडवणारं बांधकाम कोर्ट थांबवू शकतं. त्यांनी मनाईहुकूम मिळवला. नुकसानभरपाईची बोलणी फिसकटली. हा पेच सोडवायला जानेवारी २०१८ मध्ये कौन्सिलने एक कायदेशीर वाट काढली. संबंधित जमिनीचे हक्क कौन्सिलने स्वतःकडे घ्यायचे आणि क्लबला परत भाडेपट्ट्याने द्यायचे. तसं केलं की शेजाऱ्याला भरपाई मागता येते, काम थांबवता येत नाही. एका घरासाठी अब्जाचं काम अडलं म्हणून त्या वेळी त्यांना खूप शिव्या बसल्या. मला त्या पटल्या नाहीत. तुमच्या गॅलरीसमोर कोणी भिंत उभी केली तर तुम्ही काय ‘क्लबसाठी चालेल’ म्हणाल?

ही गाठ सुटली आणि चारच महिन्यांत सगळं गुंडाळलं गेलं. अब्रामोविचचा ब्रिटिश व्हिसा वेळेत नूतनीकरण होऊन आला नाही, तो इस्रायलचा नागरिक झाला आणि ३१ मे २०१८ ला क्लबने गुंतवणुकीला वातावरण अनुकूल नसल्याचं कारण देऊन स्टेडियमचं काम थांबवल्याचं जाहीर केलं. व्हिसाचा उल्लेख त्यात नव्हता, पण ज्या देशाचा व्हिसा आपल्याला वेळेत मिळत नाही तिथे कोण एवढी मोठी रक्कम गुंतवेल? तोवर खर्चाचा अंदाजही अर्ध्या अब्ज पौंडांवरून एक अब्जाच्या घरात गेला होता. परवानगीची मुदत तीन वर्षांची. मार्च २०२० मध्ये ती विटांची ॲबी कागदावरच संपली.

आता आत्ताचे मालक. युक्रेन युद्धानंतर मार्च २०२२ मध्ये अब्रामोविचवर निर्बंध आले आणि मे अखेरीस अमेरिकी गुंतवणूकदार टॉड बोली आणि क्लिअरलेक कॅपिटल ही गुंतवणूक कंपनी यांच्या गटाने अडीच अब्ज पौंडांना क्लब घेतला. शिवाय स्टेडियम, अकादमी, महिला संघ यांत मिळून पावणेदोन अब्ज गुंतवायचं मान्य केलं. तुम्ही म्हणता तसं खेळाडूंवर उधळणं डोळ्यांत भरतं, पण स्टेडियमसाठी त्यांनी एक महत्त्वाचं पाऊल टाकलंय ज्याची फारशी चर्चा होत नाही. मैदानाला लागून सर ऑस्वल्ड स्टोल मॅन्शन्स आहेत. पहिल्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांसाठी बांधलेली ही वसाहत. तिथल्या संस्थेकडून क्लबने सव्वा एकराच्या आसपास जागा सुमारे आठ कोटी पौंडांना घेण्याचा करार २०२३ मध्ये केला. सव्वा एकर ऐकायला किरकोळ वाटतं. पण बारा एकरांत गुदमरलेल्या मैदानाला फुलम रोडच्या बाजूने मिळालेली ही पहिली मोकळी श्वासाची जागा आहे.

दुसरा पर्याय अर्ल्स कोर्टचा. जुनं प्रदर्शन केंद्र पाडून मोकळी झालेली, मैदानापासून मैलभराच्या आतली मोठी जागा. बातम्यांत ती सारखी येते. पण त्या जागेच्या विकासकाने कौन्सिलांकडे दिलेला आराखडा हजारो घरांचा आहे, स्टेडियम त्यात नाही. आणि गेलात तिथे, तरी सीपीओचं मतदान आहेच.

मग मालक निर्णय का घेत नाहीत? इथून पुढे माझा अंदाज. आर्सेनल आणि टॉटनहॅम मॅचच्या दिवसांतून वर्षाला दहा कोटी पौंडांच्या वर कमावतात, चेल्सी २०२३-२४ मध्ये आठ कोटींच्या आसपास होतं. फरक मोठा आहे, पण दीड-दोन अब्ज घालून तो भरून काढायला पिढी जाईल. त्यात बोली आणि क्लिअरलेक यांचं आपापसात पटत नसल्याच्या बातम्या २०२४ पासून येतायत. आणि सगळ्यात वाईट प्रश्न म्हणजे बांधकाम चालू असताना खेळायचं कुठे? टॉटनहॅम दोन हंगाम वेम्बलीत, म्हणजे इंग्लंडच्या राष्ट्रीय स्टेडियममध्ये राहिले, पण त्याआधी जुन्या मैदानाला लागून नव्याचं काम बरंचसं पुढे नेता आलं, कारण बाजूची जागा त्यांनी वर्षानुवर्षं तुकड्या-तुकड्याने घेतली होती. आर्सेनलने तर आपल्या जुन्या मैदानात, हायबरीत खेळत खेळतच पलीकडे एमिरेट्स उभं केलं. चेल्सीला तिथेच बांधायचं तर आधी आहे ते पाडावं लागेल, म्हणजे चार-पाच वर्षं परागंदा. एकेक स्टँड पाडून बांधायचं म्हटलं तर घर सोडावं लागत नाही, पण त्याला आणखी वेळ लागतो आणि तेवढी वर्षं आसनं कमी.

सीपीओमुळे सगळं अडलं, असं अनेक चेल्सीवालेच म्हणतात. मी त्या बाजूचा नाही. २०२२ मध्ये क्लब काही आठवड्यांत विकावा लागला तेव्हा पायाखालची जमीन समर्थकांची होती, म्हणून ती व्यवहारात ओढली गेली नाही. बिल्डरच्या दारात उभं राहण्याचे दिवस ज्यांनी पाहिलेत ते लोक ७५ टक्क्यांची अट सहजासहजी सोडणार नाहीत, आणि सोडूही नये.

माझा कौल विचाराल तर स्टेडियम आहे तिथेच होईल, आणि २०३५ च्या आधी त्यात पहिली मॅच झाली तर मला आश्चर्य वाटेल. दर सहा महिन्यांनी संगणकावरची नवी चित्रं येतील, त्यांनी हुरळून जाऊ नका. कौन्सिलच्या वेबसाइटवर अर्ज दाखल झाला, किंवा सीपीओच्या सभासदांना मतदानाची नोटीस आली, किंवा वेम्बली अथवा ट्विकनहॅमच्या रग्बी स्टेडियमशी तात्पुरत्या मुक्कामाचा करार झाला, तर मात्र मला इथे कॉमेंटमध्ये टॅग करा. सभेच्या आधी एखादा शेअर घेता येतो का ते मीही बघून ठेवतो.